कर्नलच्या नोंदींत त्रुटीचे नाव छापावे

महोदय,

मी नागपुरात सीताबर्डी भागात संगणकदुरुस्तीचे काम करतो. गेल्या मे महिन्यात एका ग्राहकाचा लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा सर्व्हर वारंवार अडू लागला, तेव्हा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत ‘उणे ११०’ एवढाच आकडा उमटत होता. माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलाने, नागपूरचा उन्हाळा लक्षात घेता साहजिकच, तो तापमानाशी जोडला आणि दुपारभर पंखे तपासले. वस्तुतः तो ‘ईटाइमडआउट’ या त्रुटीचा आकडा होता, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्याची खूण. दोष डिस्कच्या केबलमध्ये निघाला.

हे आकडे सर्वत्र सारखेही नसतात. एक्स८६ आणि आर्म प्रोसेसरवर जी त्रुटी ११०, तीच मिप्सवर १४५ आहे, त्यामुळे आकडे पाठ असलेल्या जाणत्याचीही फसगत होते.

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.५ पासून ‘प्रिंटके’ या नोंद छापणाऱ्या फंक्शनला टक्केचिन्हापुढे ‘पी’ आणि ‘ई’ ही अक्षरे देऊन त्रुटीचा आकडा पॉइंटरच्या (मेमरीतील पत्ता दाखवणाऱ्या मूल्याच्या) रूपात सोपवला, की थेट तिचे नाव छापले जाते; मात्र कर्नल तयार करताना नावांचा तक्ता वगळला असल्यास पुन्हा आकडाच दिसतो. मेमरी अपुरी असलेल्या छोट्या उपकरणांत तो वगळणे मी समजू शकतो, सर्व्हरमध्ये मुळीच नाही. अनेक जुने ड्रायव्हर, म्हणजे संगणकाची उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम, अजूनही निव्वळ आकडाच छापतात. आपल्या शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे ड्रायव्हर सुधारण्याचे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नागपूर