विषय: गच्चीवरचा माझा अँटेना आणि तुटलेली अर्थिंगची पट्टी

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बी विंगमधला, सातव्या मजल्यावरचा. मंगळवारी वळवाचा पाऊस आला तेव्हा वीज इथंच जवळ पडली आणि चार घरांतले राउटर गेले, माझ्या रेडिओचा पॉवर सप्लाय पण गेला. लगेच कमिटीचा मेसेज आला की हॅम रेडिओचा (म्हणजे माझ्या हौशी, लायसन्सवाल्या वायरलेस सेटचा) अँटेना वीज ओढतो, काढून टाका. साहेब, टाकीवरचा लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे वीज झेलून जमिनीत नेणारी काठी, माझ्या अँटेनापेक्षा चांगला आठ फूट उंच आहे. खरी अडचण वेगळीच आहे.

परवा सकाळी वर जाऊन बघितलं, तर अरेस्टरची खाली जाणारी तांब्याची पट्टी कठड्यापाशी कापलेली आहे, वॉटरप्रूफिंगच्या वेळी कापली असणार कारण कापलेल्या टोकावर तेच पांढरं केमिकल वाळलंय. दोन टोकांत हातभर अंतर. म्हणजे वर काठी उभी आहे पण विजेला जमिनीपर्यंत रस्ताच नाही, आणि एका विजेत 30 हजार अँपियर करंट सहज असतो, तो मग पाण्याचे पाइप, केबल, वायरिंग, मिळेल तिथून घरात शिरणार. गच्चीवर संध्याकाळी पोरं खेळतात हो.

माझ्या बाजूनं मी ढग दिसले की अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेर ठेवतो, प्लग पण काढतो, त्या दिवशी नेमका ऑफिसात होतो. केबल घरात येते तिथं सर्ज अरेस्टर, म्हणजे अचानक आलेलं जादा व्होल्टेज जमिनीकडं वळवणारं साधन, बसवतोय. पण अँटेनाच्या पाइपला अर्थिंगचा वेगळा खड्डा करून चालत नाही, वीज पडली की दोन खड्ड्यांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो फरक रेडिओमधून आणि घरच्या वायरिंगमधून जातो. म्हणून माझी पट्टी सोसायटीच्याच अर्थिंगला जोडायची परवानगी हवी आहे.

कृपया पावसाळ्याआधी पट्टी जोडून घ्या, काटकोनात न वाकवता, आणि अर्थिंगचा रोध मोजून घ्या, 10 ओहमच्या आत यायला पाहिजे. पार्किंगमधल्या अर्थिंगच्या खड्ड्याच्या झाकणावर कुंड्या ठेवल्यात त्या हलवा, त्यात कित्येक महिन्यांत कुणी पाणी घातलेलं नाही. वॉचमनच्या फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप टाकून देतो मी, इशारा आला की त्यानं गच्ची रिकामी करायची.

पट्टीचा निम्मा खर्च मी देतो. माझं लायसन्स दूरसंचार विभागाचं आहे, झेरॉक्स जोडली आहे. 2004 च्या त्सुनामीत अंदमानात फोन बंद होते तेव्हा हॅमवाल्यांनीच लोकांचे निरोप घरी पोचवले होते, आपल्याकडं तशी वेळ आली तर हा अँटेना आपल्याच कामाला येईल.

रविवारी सकाळी इलेक्ट्रिशियनला घेऊन वर येता का? मी किल्ली घेऊन थांबतो.

आपला,
बी विंग, सातवा मजला