आई, मुंगसाचं तेवढं ऐकून घे

किंग्स्टन (जमैका), सप्टेंबर

आई,

परवा फोनवर तू "मुंगूस मारून राहिली तू?" एवढंच म्हटलं आणि फोन बाबांच्या हातात देऊन टाकला. मग बाबा बिचारे पाच मिनिटं पावसाचंच सांगत बसले, मला मागून तुझ्या बांगड्यांचा आवाज येत होता पण तू काही परत आली नाही. म्हणून हे लिहून राहिली. डोळ्याचं ऑपरेशन होऊन वीसच दिवस झालेत तेव्हा मोबाईलकडे तू बघू नको, बाबा वाचून दाखवतील. बाबा, मधलं काही गाळू नका, आणि आवाज मोठा ठेवा म्हणजे आजीलाही ऐकू जाईल.

आधी कबूल करून टाकते. हो, मारतो. पिंजरे लावतो, सकाळी जाऊन बघतो, सापडला की मारतो. तो दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात हे मला माहीत आहे, तूच शिकवलं. सेमिनरी हिल्सला कॉलेजात जाताना गेटपाशी मुंगूस आडवा गेला की त्या दिवशीची व्हायवा चांगली जाणार असं मी पाच वर्षं मानत आली. आता ऐक कायला मारतो. इथे सरड्यासारखा एक मोठा प्राणी आहे, मुंगूस त्याची पिल्लं खातो, त्याला वाचवायला.

तू ज्याला घोरपड म्हणून राहिली ती घोरपड नाही. आपली घोरपड अंडी, उंदीर, मेलेलं, सगळं खाते. हा पाला, फुलं, फळं खाणारा प्राणी आहे, खाऊन जंगलभर बिया पेरत फिरतो. जमैकन इग्वाना. रंग राखी, त्यात कुठे हिरवट कुठे निळसर, मानेपासून पाठीवर कंगव्यासारखी काट्यांची रांग, आणि मोठ्या नराचं शेपूट सोडून नुसतं धडच जवळजवळ दीड फूट. बसतो असा की सातबारा त्याच्याच नावावर आहे. जगात फक्त जमैकात आहे, आणि जमैकातही आता फक्त हेलशायर हिल्स नावाच्या डोंगराळ जंगलात, किंग्स्टनच्या बाजूलाच.

हा प्राणी संपला असं पुस्तकात लिहून झालं होतं. किनाऱ्याजवळ गोट आयलंड्स म्हणून दोन छोटी बेटं आहेत, तिथले शेवटचे 1940 च्या दशकात गेले. मग 1970 ला हेलशायरमध्ये एक मेलेला सापडला, लोक हळहळले आणि विसरले. 1990 ला एक माणूस डुकराच्या शिकारीला गेला, त्याच्या कुत्र्याने एक जिवंत धरला, आणि त्या माणसाने तो खाल्ला नाही, सोडलाही नाही, थेट किंग्स्टनच्या होप झूमध्ये नेऊन दिला. मला हा माणूस खूप आवडतो. तिथून पुढचं सगळं त्याच्यामुळे.

मग लोकांनी जंगल धुंडाळलं, पुढच्या वर्षी अंडी घालायच्या दोन जागा सापडल्या, आणि जे दिसलं ते असं की आहेत ते सगळे म्हातारे. पिल्लू नाही, तरुण नाही. विदर्भातल्या एखाद्या गावात पोट्टे सगळे पुण्याला गेलेत आणि पारावर फक्त आबा लोक बसलेत तसं, फरक एवढाच की इथले पोट्टे पुण्याला गेले नव्हते, खाल्ले गेले होते.

आता तुझा मुंगूस.

1872 साली इथे एस्प्यूट नावाचा एक उसाच्या मळ्याचा मालक होता. उंदरांनी ऊस खाऊन त्याला हैराण केलं, तर त्याने कलकत्त्याहून जहाजाने मुंगूस मागवले. किती, तर नऊ. चार नर, पाच माद्या. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आपल्याकडे पहिल्या पंगतीत याच्यापेक्षा जास्त लोक असतात! दहा वर्षांनी त्याने लंडनच्या प्राणिशास्त्राच्या सोसायटीत लेख छापला की मुंगसामुळे मळेवाल्यांचा किती पैसा वाचला, आणि जमैकातून मुंगूस पार हवाईपर्यंत गेले. पण उंदीर फिरतो रात्री आणि चढतो झाडावर, मुंगूस फिरतो दिवसा आणि जमिनीवर, दोघांची ड्युटीच जुळत नाही. मग दिवसा जमिनीवर जे सापडेल ते त्याने खायला घेतलं. पक्ष्यांची अंडी, सरडे, कोंबड्या, आणि इग्वानाची पिल्लं. वीसच वर्षांत तेच मळेवाले डोकं धरून बसले.

तू म्हणशील यात त्या मुक्या जनावराचा काय दोष. काहीच नाही. माझं भांडणच नाही त्याच्याशी. आपल्या अंगणात साप आणि मुंगूस हजारो वर्षांपासून एकमेकांना ओळखतात, कोण कसा वार करतो हे दोघांना माहीत आहे. इथल्या पिल्लाला हे जनावर काय आहे तेच माहीत नव्हतं गं. आणि एक सांगते, हा आपल्या मागच्या अंगणात येतो तो मोठा राखी मुंगूस नाही, त्याच्यापेक्षा लहान जात आहे, चुलतभाऊ म्हण. हे सांगून तुला बरं वाटणार नाही माहीत आहे पण मला वाटलं थोडंसं.

आणि सगळं मुंगसावरच टाकायचं नाही. लोकांनी कोळशासाठी झाडं तोडली, अजूनही तोडतात, ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला इग्वानाचं काय सांगणार. डुकरं अंडी उकरतात, कुत्री मोठ्यांनाही मारतात. मुंगूस पिल्लांवर आहे, बाकीचे बाकीच्यांवर.

आमचं काम असं. जूनमध्ये माद्या येतात. जंगलात सगळा चुनखडीचा खडक, माती अशी नाहीच, मधेच कुठेतरी लाल भुसभुशीत मातीचा तुकडा असतो तिथेच सगळ्या येऊन खड्डे करतात आणि जागेवरून भांडतात, नळावरच्या भांडणासारख्या. अंडी घालून माती लोटून मादी लगेच जात नाही, बरेच दिवस पहारा देते, दुसरी उकरायला आली की अंगावर जाते. मग जवळपास तीन महिन्यांनी, म्हणजे आत्ता, सप्टेंबरात, पिल्लं माती फोडून वर येतात. आम्ही आधीच कुंपण घालून बसलेले असतो. मोजायचं, वजन करायचं, काही तिथेच सोडायची आणि काही होप झूला आणायची. तिथे ती चार-पाच वर्षं वाढतात, मुंगसाच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली की रक्त वगैरे तपासून परत जंगलात. हे माझं काम, तपासायचं. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतो आणि मानेच्या काट्यात रंगीत मणी ओवतो म्हणजे लांबून दुर्बिणीने कळतं कोण आहे. लाल-पांढरा-लाल, हिरवा-हिरवा-पिवळा असं. आजी, तुमच्या पोतीतले काळे मणी असते तर एखाद्याला घातले असते, नजर लागू नये म्हणून.

1996 पासून असे शेकड्यांनी सोडलेत. आणि अंडी घालायला येणाऱ्या माद्यांत आता झूमध्ये वाढलेल्याही असतात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रडली, कोणाला सांगू नको. पण सोडायचं कुठे? मुंगूस तिथेच आहेत. म्हणून अंड्यांच्या जागांभोवती वर्षानुवर्षं पिंजरे लावणं चालू आहे. एक आठवडा थांबवलं तर बाहेरून नवीन येतात, विहिरीचं पाणी उपसावं तसं आहे. पकडून दुसरीकडे सोडा ना, असं तू म्हणशीलच. कुठे सोडू? बेट आहे, जिथे सोडीन तिथे दुसऱ्या कोणाचं तरी घरटं आहे. आणि आपल्याकडे परत पाठवायचं म्हणशील तर दीडशे वर्षांनी त्याला नागपूरचं तिकीट कोण देणार.

जंगलाचं थोडं सांगते, कारण बाबांना आवडतं. उन्हाळा आपल्यासारखा नाही, आपला 45 चा मे पाहिलेल्या माणसाला इथे काही वाटू नये, पण दमट भयानक आहे आणि जंगलात पाण्याचा थेंब नाही, पाच-पाच लिटर पाठीवर न्यायचं. खडक असा की किसणीवर चालतोय, बुटाचे तळ दोन महिन्यांत गेले. आणि एक झाड आहे, बर्नवूड म्हणतात, त्याचा काळा चीक लागला की फोड. माझ्या हाताला आले तर इथले लोक घाबरले, मी म्हटलं अरे हा तर आपला बिब्बा! नंतर बघितलं तर खरंच एकाच कुळातले निघाले. तर आजी, तुमच्या त्या खोबऱ्याच्या उपायाने बरं झालं, इथे खोबरेल भरपूर मिळतं.

खायचे हाल नाहीत. कलालू म्हणून भाजी मिळते ती म्हणजे आपली चवळईच, लसूण मिरचीची फोडणी दिली की झालं. रोटी मिळते, रोटीच म्हणतात, करी मिळते. आणि बाबा, गांजालाही गांजाच म्हणतात, घाबरू नका, शब्दाचं सांगून राहिली. हे सगळं आलं आपल्या माणसांबरोबर. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर पाहिजे होते, तर 10 मे 1845 ला पहिलं जहाज ओल्ड हार्बर बे ला लागलं, नंतरच्या सत्तर वर्षांत छत्तीस हजारांच्या वर लोक आले, जास्त करून बिहार आणि यूपीकडचे. मी गेली होती तिथे. मासेमारांच्या होड्या, जाळी, आणि समोर समुद्रात दिसतात तीच ती गोट आयलंड्स, जिथले इग्वाना संपले. मी किनाऱ्यावर उभी राहून हिशेब करत होती, माणसं आणली उसासाठी, सत्तावीस वर्षांनी मुंगूस आणले उसासाठी, एकाच मुलखातून एकाच कामाला. एक इथे रोटी करायला लागला, दुसऱ्याला आम्ही पिंजऱ्यात धरून राहिलो. साखर खाल्ली कोणी, तर तिसऱ्यानेच.

त्या बेटांवर 2013 मध्ये मोठं बंदर बांधायचं चाललं होतं, चिनी कंपनी येणार होती. इथल्या लोकांनी खूप आरडाओरडा केला, 2016 मध्ये पंतप्रधान होलनेस यांनी सांगितलं की तिथे होणार नाही. आता विचार असा आहे की बेटांवरून मुंगूस, मांजरं, शेळ्या सगळ्या काढायच्या आणि इग्वाना परत न्यायचे. बेट लहान, चहूबाजूंनी पाणी, एकदा साफ झालं की रोज पिंजरे लावायचं काम नाही. असं झालं तर मारणंही थांबेल गं, निदान तिथलं तरी.

नाहीतर काय होतं तेही बघितलं. इथल्या म्युझियमचा एक मोठा सरडा आहे, गॅलीवास्प, 2024 मध्ये ग्लासगोहून परत आणला. दीडशेच्या वर वर्षं झालेला, बाटलीतला. त्याची जात केव्हाच संपली. लोकांनी किती प्रेमाने त्याला आणला, बातम्या झाल्या. पण बाटली ती बाटली.

आता जे फोनवर सांगणार होती ते. मागच्या मंगळवारी सकाळी पिंजऱ्यात एक होता, कोपऱ्यात तोंड घालून बसलेला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ". सोबतचा माणूस बघायला लागला ही काय मंत्र म्हणून राहिली. आणि त्याने खरंच वळून बघितलं. मादी होती. तपासली तर दूध होतं. म्हणजे कुठेतरी बिळात पिल्लं असणार. मी जनावरांची डॉक्टर आहे, जितक्या कमी त्रासात होईल तितकं केलं, हात थरथरला नाही. पण दुपारी जेवण गेलं नाही, आणि त्याच दिवशी संध्याकाळी कुंपणात अकरा पिल्लं निघाली, वीतभर, त्यात अर्ध्याहून जास्त शेपूटच, हातात घेतलं की बोट चावायला बघतात एवढेसे. मी दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या, एकाच पानावर, कारण तारीख एकच होती.

सोनूने मारबतीचे व्हिडिओ पाठवले, रात्री बसून बघितले. रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. मी मनात म्हणून पाहिलं, मुंगूस घेऊन जा गे मारबत, पण पूर्ण म्हणवलं नाही. अर्ध्यावर थांबली.

तुला पटावं म्हणून नाही लिहिलं. तुला वाटत असेल तर टेकडीच्या गणपतीला जाऊन माझ्या नावाने काय ते कर, मी नाही म्हणणार नाही. फक्त फोन बाबांकडे देऊ नको. शनिवारी इथले रात्रीचे नऊ म्हणजे तुमचे रविवार सकाळचे साडेसात, तेव्हा करते, तर्री पोहे आणायला सोनूला त्याच्या आधीच पाठव म्हणजे मला निदान बघता येतील. आणि डोळ्यात ड्रॉप टाकायला विसरू नको, चार वेळा सांगितलेत, तू दोनदाच टाकत असशील.

तुझी पोट्टी,
मंजू