न्यूमोनियाचा जंतू कोणता, हेही कळू द्या

‘न्यूमोनियाची लस दिली की पालकांची काळजी मिटली’ असा सूर आपल्या दैनिकातील बाल लसीकरणावरील लेखात होता. लस द्यायलाच हवी, यात दुमत नाही. पण काळजी मिटत नाही. ही लस न्यूमोकोकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या एका प्रमुख जंतूवरची आहे आणि त्याचे आवरणानुसार १०० हून अधिक प्रकार आहेत. पुण्यात तयार होणारी आपली देशी लस त्यांतल्या १० प्रकारांवर आहे. अमेरिकेत २००० साली ७ प्रकारांवरची लस आली. ते सात मागे हटले आणि लसीत नसलेला ‘१९ए’ हा प्रकार फोफावला. २०१० मध्ये १३ प्रकारांची लस आली, तेव्हा त्यात त्याचा समावेश झाला. हा जंतू भोवतालच्या जंतूंकडून जनुके उचलतो, प्रसंगी आवरणच बदलतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या नातीला दाखल केले, तेव्हा रक्ताचा नमुना घेण्याआधीच अँटिबायोटिकचे दोन डोस देऊन झाले होते. कल्चरच्या, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या, बाटलीत काहीच वाढले नाही; औषधाने जंतू आधीच दबला असावा. डिस्चार्ज कार्डावर ‘न्यूमोनिया’ एवढेच लिहून आले. पोर बरी झाली, हे आमचे भाग्य. पण जंतू लसीतला होता की बाहेरचा, हे आता कधीच कळणार नाही.

मुंबईतील सर्व बालरुग्ण विभागांत अँटिबायोटिकच्या पहिल्या इंजेक्शनआधी कल्चरसाठी रक्त घेणे सक्तीचे करावे. जंतू वाढल्यास त्याचा प्रकार तपासून पालिकेने नोंद ठेवावी आणि ती दरवर्षी जाहीर करावी.

– एक आजोबा, परळ, मुंबई