किराणा किटचे फोटो छापू नका, आणि यादी घरच्या बाईला करू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या लोकल पानावर दर आठ-पंधरा दिवसांनी एक फोटो असतोच, मागं बॅनर, मधे चार-पाच कार्यकर्ते नाहीतर कुठल्यातरी क्लबचे पदाधिकारी, आणि पुढं पिशवी हातात धरून उभी केलेली एखादी म्हातारी किंवा पोराला काखेत घेतलेली बाई, खाली ओळ "गरजूंना किराणा किटचे वाटप". गणपती-दिवाळी जवळ आली की हे फोटो अजून वाढतात. माझी विनंती आहे की घेणाऱ्या माणसाचा चेहरा छापणं बंद करा. का म्हणतेय ते सविस्तर लिहिते, पत्र मोठं झालं तर कापा पण दुकानाचा भाग तेवढा ठेवा.

मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रातून मदतीचे टेम्पो आणि ट्रक आले, ते उपकार आम्ही विसरणार नाही. घरात पाणी असताना कुणी पिशवीत काय आहे ते बघत नाही, शिजवलेला भात, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जे येईल ते हवंच असतं. त्यामुळं किट वाईट असं मी म्हणत नाहीये. त्याच पुरात मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले होते त्यावर केवढा गदारोळ झाला, तुमच्यासारख्या पेपरांनीच तो लावून धरला होता. देणाऱ्याचा फोटो चुकीचा वाटतो तर घेणाऱ्याचा कसा चालतो, हे मला समजत नाही.

पाणी ओसरल्यावर खरी अडचण सुरू होते. काम बंद, घरातलं सगळं भिजलेलं, आणि किट मात्र तेच. मैदा, रवा, दोन किलो साखर, पामतेल, पोहे, एखादा नूडल्सचा पुडा. आता आमच्याकडं मजुरीला जाणारं घर भाकरीवर चालतं, सकाळी भाकरी आणि चटणी बांधून बाई बेदाण्याच्या शेडवर नाहीतर हळदीच्या कामाला जाते, तिनं एवढ्या मैद्याचं करायचं काय? घरात म्हाताऱ्याला शुगर असेल तर ती दोन किलो साखर कुणाला? मग तो मैदा आणि रवा परत किराणा दुकानातच येतो, निम्म्या भावानं. आमच्या इथल्या दुकानदारानं मला त्या पिशव्या दाखवल्यात, वर संस्थेचा स्टिकर तसाच. लोक म्हणतात बघा, फुकट दिलं की विकून खातात. अहो पण विकून तिनं तेल आणि चहा पावडर नेली ना घरी!

रेशनचं सांगायचं तर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, कार्डामागं ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, आणि हा मोठाच आधार आहे, कुणी काही म्हणो. अंगठा लावून दुसऱ्या गावातल्या दुकानातही उचलता येतं. पण ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, तेल, तिखट, मीठ, साबण, चहा हे सगळं विकतच आणावं लागतं आणि महिन्याचा खरा ताण तिथंच असतो. सरकारनं २०२२ च्या दिवाळीत "आनंदाचा शिधा" काढला, १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. सणाला बरं झालं. पण वर्षभराचं काय?

आता दुकानाचा भाग. लॉकडाऊनमध्ये आमच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं की आपण पिशव्या भरायच्याच नाहीत. गटातल्या बायका आणि गल्लीतली पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलं असे मिळून दर महिन्याला जमेल तेवढे पैसे काढतो आणि गल्लीतल्याच किराणा दुकानात जमा करतो. ज्या घराला गरज आहे त्यांच्या नावावर साधारण हजार रुपयांपर्यंतचं सामान मिळतं. त्या घरातली बाई नेहमीसारखी दुकानात जाते, यादी देते, सामान घेते, दुकानदार वेगळ्या वहीत लिहितो. रांग नाही, मंडप नाही, भाषण नाही, शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला कळत पण नाही की पैसे कुणाचे आहेत. ज्यांना जमतं ते स्वतःचे शंभर-दोनशे घालतात, काम लागलं की काहीजण नंतर आणून देतात, आम्ही मागत नाही. पैसे देणाऱ्यांना घराचं नाव सांगत नाही.

लोक विचारतात गरजू कोण हे कसं ओळखता, फॉर्म भरून घेता का, दाखला मागता का. काही नाही. गल्लीतल्या दुकानदाराला जेवढं कळतं तेवढं कुठल्याच ऑफिसला कळत नाही. जे घर पाच लिटरचा तेलाचा डबा नेत होतं ते एक लिटरवर आलं, मग पावशेर सुट्टं मागायला लागलं, की त्याला समजतं. उधारीची वही तीन महिने पुढं सरकत राहिली की समजतं. आणि काही घरं अशी असतात जी उधारी पण मागत नाहीत, फक्त यायची बंद होतात, त्यांची खबर आरोग्याच्या कामाला घरोघर फिरणाऱ्या आशाताईंकडून नाहीतर शेजारणीकडून मिळते. पांढरपेशी घरं पण असतात बरं का यात, नोकरी गेलेला माणूस, केशरी कार्ड आहे पण प्राधान्य यादीत नाव नाही म्हणून रेशनचं धान्य नाही, आणि किट घ्यायला रांगेत उभं राहायची हिंमत नाही. अशा घरांपर्यंत किट कधीच पोचत नाही.

बायका काय घेतात ते मला फार शिकवून गेलं. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, कपड्याचा साबण, चहा, मुलीसाठी पॅडचा पुडा. हा पॅडचा पुडा मी आजवर एकाही वाटपाच्या फोटोत पाहिला नाही. उन्हाळ्यात एका आजींनी जवळजवळ सगळ्या पैशांची मिरचीच घेतली, ब्याडगी आणि संकेश्वरी, सोबत धने, तीळ, सुकं खोबरं. गटात लगेच कुजबूज सुरू झाली की आपण पोटाला देतोय आणि ह्या बाई मिरच्या काय घेतायत. पण आजींचा हिशेब पक्का होता. रेशनचे गहू-तांदूळ घरात होते, ज्वारी मुलीकडून येणार होती, वर्षाची चटणी मात्र एप्रिल-मे मध्येच होते, एकदा डंकावर कांडून बरणी भरली की भाजी नसली तरी कांदा आणि चटणीवर भाकरी जाते, आणि तीच चटणी पावसाळ्यात पुड्यानं विकत घ्यायची तर दुपटीनं पैसे जातात. आम्ही दहा जणी बसून यादी केली असती तरी त्यात मिरची एवढी आली नसती. त्या घराला त्या महिन्यात काय लागतं हे त्या घरालाच माहीत असतं!

दारूत उडवतील, ही शंका दर वेळी येते, आणि बहुतेक वेळा ज्यांनी कधी काही दिलेलं नसतं त्यांच्याकडून येते. रोख पैसे हातात देत नाही, दुकानात दारू मिळत नाही, तंबाखू आणि मिश्री या खात्यावर द्यायची नाही असं ठरलंय. मिश्रीवरून वाद झाला होता, एका बाजूनं म्हणणं असं की दिवसभर राबणाऱ्या बाईची तेवढी एक सवय, पण आम्ही नाही म्हटलं आणि मला ते बरोबर वाटतं. बाकी कुणी क्रीम बिस्किटाचा पुडा घेतला तर घेऊ दे, गरीबाच्या पोरानं क्रीम बिस्किट खाल्लं तर कुणाचं काय बिघडतं?

दुसरा आक्षेप खर्चाचा. मार्केट यार्डातून होलसेलनं घेतलं की किट स्वस्त पडतं, हे खरं आहे. पण मग त्यात छापील पिशवी, बॅनर, टेम्पो, मंडप, पाहुण्यांचे हार-नारळ पण धरा. दुकानदार आम्हाला छापील किमतीपेक्षा थोडं कमी लावतो, त्याचं पण गिऱ्हाईक टिकतं, आणि पैसा गल्लीतच राहतो.

आणि एकत्र खरेदीचंच म्हणाल तर त्यातही निवड ठेवता येते, आपल्याकडंच उदाहरण आहे. १९७५ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेली मुंबई ग्राहक पंचायत, तिथं कुटुंबं गट करून महिन्याची यादी भरतात, माल घाऊक येतो आणि सभासदच आपसात वाटून घेतात. प्रत्येकाची यादी वेगळी. मध्यमवर्गाला हे पन्नास वर्षांपूर्वी जमलं, मग अडचणीतल्या घरालाच ठरलेली पिशवी का? इंग्लंडमध्ये पण फूड बँकेच्या, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रांच्या, पिशव्यांबद्दल हीच तक्रार होती, स्टॉकपोर्टला २०१३ मध्ये लोकांनी पॅन्ट्री काढली, आठवड्याला थोडे पौंड भरून मेंबर व्हायचं आणि दुकानासारखं शेल्फवरून आपल्या हातानं घ्यायचं. नंतर तिथं अशा पुष्कळ झाल्या.

एक सावधगिरी मात्र लिहायलाच हवी. निवड द्यायची म्हणून रक्कम तुटपुंजी ठेवली तर काही उपयोग नाही. राज्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी घरांना धान्याऐवजी सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये खात्यावर द्यायचं २०२३ मध्ये ठरलं. दीडशे रुपयांत पाच किलो धान्य म्हणजे तीस रुपये किलो, बाजारात जाऊन बघा त्या भावात बरा गहू, बरा तांदूळ काय मिळतो ते, आणि बँकेत जायचं भाडं वेगळंच. म्हणून आम्ही आकडा कागदावर ठरवत नाही, दुकानात उभं राहून चार माणसांच्या घराची डाळ, तेल, तिखट, साबण यांची बेरीज करतो आणि त्यावरून रक्कम ठरवतो. भाव वाढला की रक्कम वाढवायची, पैसे कमी पडले तर घरं कमी घ्यायची पण घराला पुरेल एवढंच द्यायचं. हे ठरवताना फार त्रास होतो, कारण थांबवलेलं घर पण आपल्याच गल्लीतलं असतं.

तर संपादक साहेब, माझं मागणं तुमच्याकडं आणि तुमच्या वाचकांमधल्या मंडळांकडं आहे. या गणपतीत ज्या मंडळांना किराणा वाटायचाय त्यांनी जवळच्या दोन-तीन दुकानदारांशी बोलून वही उघडावी, पुढच्या मंडळांना सोपं जाईल. आणि तुम्ही बातमी जरूर छापा, मोठी छापा, मंडळाचं नाव छापा, किती पैसे जमले, किती घरांना दिले, किती शिल्लक राहिले ते आकडे छापा, म्हणजे हिशेब पण लोकांसमोर राहील. फोटो हवाच असेल तर दुकानाचा घ्या, दुकानदाराला आनंदच होईल. ज्या पोरांच्या आईचा फोटो पेपरात येतो ती पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत जातात, वर्गातल्या पोरांनी तो पेपर पाहिलेला असतो. गल्लीतल्या एका मुलीनं त्यानंतर आईला स्पष्ट सांगितलं की पुन्हा कुठं किट घ्यायला गेलीस तर मी शाळेत जाणार नाही, आणि ती आई खरंच पुन्हा कधी गेली नाही, दिवाळीत पण नाही.

आमची वही कशी ठेवतो, दुकानदाराशी काय बोलणं केलं, हे कुठल्या मंडळाला बघायचं असेल तर माझा नंबर तुमच्या ऑफिसात देऊन ठेवते, छापू नका, जो मागेल त्याला द्या. संध्याकाळी सहानंतर फोन केला तर बरं, दिवसा दुकानात गर्दी असते आणि वही तिथंच असते.

आपली,
बचत गटातली एक वाचक, सांगली