कॉईल बदलण्याआधी काळी वायर: मिस्त्रींना आभारपत्र

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

पेट्रोल इंजिनावरच्या पंपाच्या प्लगला करंट आला नाही की आमच्या पंपवाल्यांच्या गटात पहिला शब्द निघायचा ‘कॉईल गेली’, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट पुरवणारा भाग जळाला. तुम्ही शिकवलेल्या क्रमामुळे ती सवय मोडली, म्हणून हे पत्र. होंडा जीएक्स160 किंवा त्या घाटाचं इंजिन ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही उपयोगी पडावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुना प्लग भोकातच ठेवायचा, करंटच्या वायरची टोपी दुसऱ्या चांगल्या प्लगवर चढवायची आणि त्याचं लोखंड हेडला, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनाच्या डोक्याला, घट्ट टेकवून दोरी ओढायची. भोक उघडं ठेवलं तर आतून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि समोरच ठिणगी पडते. हे तुम्ही दरडावून सांगितलंत, बरं केलंत. प्लग बीपीआर6ईएस, फट 0.7 ते 0.8 मिमी. ठिणगी निळी, कडकडीत हवी. टोपी वायरवर आटे घेऊन बसते. टोक हिरवं पडलं असेल तर पाचेक मिमी कापून टोपी पुन्हा फिरवायची, आणखी काही करावं लागत नाही.

तरीही करंट नसेल, तर कॉईलकडून स्विचकडे जाणारी काळी वायर सोडवायची. खरी मेख इथे आहे. स्विच बंद केल्यावर ही वायर कॉईलला अर्थिंग देते आणि इंजिन थांबतं. म्हणजे तिचं आवरण घासून ती पत्र्याला लागली, उंदराने कुरतडली किंवा स्विचमध्ये पाणी गेलं, तर स्विच चालू असूनही इंजिन ‘बंद’च राहतं. वायर सोडून ठिणगी आली की कॉईल निर्दोष. ज्या इंजिनात ऑइल अलर्ट, म्हणजे तेल कमी झालं की इंजिन बंद करणारी सोय आहे, तिथे तेल कमी झालं तरी हेच होतं. बांधावर तिरका ठेवलेला पंप तेल पुरेसं असूनही फसतो. म्हणून आधी सपाट जागा, मग तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत तेल, एकूण साधारण 600 मिली. वायर सोडलेली असताना इंजिन सुरू झालं तर स्विचने थांबणार नाही. तेव्हा थांबवायला चोक पूर्ण लावायचा.

वायर सोडूनही ठिणगी नसेल तरच पंख्याचं कव्हर काढायचं. खाऱ्या हवेत चाकावरचं मॅग्नेट आणि कॉईलचे पाय गंजतात. बारीक पॉलिश पेपर पुरतो. मॅग्नेट आणि कॉईलमधली फट 0.4 मिमीच्या आसपास. कॉईलचे दोन्ही बोल्ट सैल करून मॅग्नेट समोर आणायचं, मध्ये फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, त्या जाडीची पात सरकवायची, मॅग्नेट कॉईलला ओढून घेतं, तसेच बोल्ट आवळायचे. मग चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघायचं. फीलर लोखंडी असला तर मॅग्नेटला चिकटून बसतो, त्यामुळे पितळी बरा.

गरम झाल्यावर मरणारी कॉईल मात्र गार असताना सापडत नाही, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. इंजिन बंद पडताक्षणी, तापलेलं असतानाच, ठिणगी बघायची. तेव्हा नाही, आणि गार झाल्यावर आहे, अशी खूण मिळाली तरच नवी कॉईल आणायची. वर मीटर लावून ओहम मोजत बसण्यात अर्थ नाही, गार कॉईल मीटरवर ठीकच दाखवते.

तुम्ही या सगळ्याचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी घ्यावे लागतील, गटात तसं ठरलं आहे.

आपले,
गटातले सगळे पंपवाले