त्याच्या मागे धावायचं नाही

नेरुळ, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पुढच्या सोमवारपासून पंधरा दिवस ओजस नौपाड्याला तुमच्यापाशी. सव्वादोन वर्षांचं पोर आणि तुम्ही दोघं सत्तरीच्या घरात, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. एका दमात वाचू नका. चहाबरोबर थोडं थोडं वाचा आणि मग फ्रिजवर लावून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी: त्याच्या मागे धावायचं नाही. या वयात पोर चालत नाही, सुटतं. मागून कुणी येतंय असं दिसलं की त्याच्या लेखी पकडापकडी सुरू होते. मग मान मागे, पाय पुढे आणि कपाळ टीपॉयवर. आईचा गुडघा आणि बाबांचं बीपी, दोघांनाही हा डाव झेपायचा नाही. त्यापेक्षा घरच असं लावू की धावायची वेळ येणार नाही. सगळी मिळून एका दुपारची कामं आहेत.

बाबा, तुम्ही हॉलमध्ये खाली बसून सगळीकडे एकदा नजर फिरवा. त्याचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. टेबलक्लॉथची लोंबती कड, इस्त्रीची वायर, टीव्हीमागचा बोर्ड, देव्हाऱ्यातली काडेपेटी, जे जे हाताशी दिसेल ते वर जाऊ दे. मग गॅलरी. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर टेपने मोजा. १० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर अंग बाहेर निघतं आणि डोकं अडकतं, तिथे जाळी लावून वीतभर अंतरावर केबल टाय मारून घ्या. कठड्याजवळच्या कुंड्या, बसायचा मोडा, चपलांचं कपाट आत घ्या, कारण त्याच्या हिशेबात या सगळ्या पायऱ्याच आहेत. गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घ्या. खालची कडी तो काढतो.

मोरीतलं पिंप आणि बादल्या, हे मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. पाण्याच्या शटडाउनच्या आदल्या रात्री तुम्ही सगळं भरून ठेवता, ते ठीकच आहे. पण एवढ्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून बघताना तोल गेला की ते डोक्यावर आत जातं आणि स्वतःहून बाहेर येत नाही. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी पुरतं, आणि आवाजही होत नाही. पिंपाला घट्ट बसणारं झाकण हवं, नुसती ताटली नको. रिकामी बादली पालथी घाला. मोरीच्या दाराला बाहेरून कडी, आणि आतली कडी चिकटपट्टी लावून बंद करून टाका, नाहीतर तो आत आणि तुम्ही बाहेर. बाकीच्या दारांवर वरच्या कोपऱ्यात एक जाडसर पंचा आडवा टाका. दार पुरतं लागत नाही, बोटंही चेमटत नाहीत.

औषधांचं मी हात जोडून सांगते. बाबा, तुमचा तो सात खणांचा गोळ्यांचा डबा हलवला की खुळखुळ्यासारखा वाजतो आणि त्याचं झाकण नुसत्या अंगठ्याने उघडतं. साखरेची तुमची ग्लिमेपिराइडची एक गोळीसुद्धा त्याची साखर धोकादायक उतरवू शकते, आणि परिणाम काही तासांनी दिसतो. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. पंधरा दिवस सगळी औषधं किल्लीच्या कपाटात, आणि किल्ली तुमच्या खिशात. गोळी घेताना त्याच्यासमोर घेऊ नका, तो नकला करतो. औषध पाजताना ‘चॉकलेट आहे’ असंही म्हणू नका. पाहुण्यांच्या पर्स खुंटीला टांगायच्या, दिवाणावर ठेवायच्या नाहीत. कपाटातल्या डांबरगोळ्या काढून टाका, पेपरमिंटसारख्या दिसतात.

आणि बटणसेल. वजनकाटा, गाणारी खेळणी, छोटा रिमोट, यांतला चपटा सेल. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. ज्या वस्तूचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती वस्तू वर. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायची नाही, वाट बघायची नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचा.

हे सगळं बंद केल्यावर एक गोष्ट उघडी ठेवायची. आई, ओट्याखालचं डावीकडचं कपाट त्याच्या नावावर करून दे. त्यात प्लॅस्टिकचे चार डबे झाकणांसकट, लाकडी उलथणं, गाळणी, पळी, दोन वाट्या आणि जुना इडलीचा साचा. काच नको, किसणी नको. ज्या पोराला घरभर ‘नको, नको’ ऐकायला मिळतं त्याला एक जागा ‘हो’ची लागते. एक डबा घेऊन तो त्याला चारही झाकणं लावून बघतो. प्रत्येक वेळी दोन्ही तळव्यांनी झाकण दाबतो, जीभ बाहेर काढतो, बसलं नाही की डब्यालाच रागावतो, आणि योग्य झाकण लागलं की लगेच काढून पहिल्यापासून सुरू. त्याला मदत करू नकोस. एवढ्या वेळात तुझी भाजी चिरून होते. कंटाळला की परातीत पेलाभर पाणी आणि दोन वाट्या, या वाटीतून त्या वाटीत. परातीखाली जुनी चादर घाल, खेळ संपेपर्यंत जवळ बस, आणि संपल्याबरोबर पाणी ओतून टाक आणि फरशी पुस, नाहीतर तूच घसरशील.

जेवणावरून तुझा जीव वरखाली होणार, मला माहीत आहे. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावते म्हणून भूकही मंदावते. ‘काही खातच नाही’ हे बहुतेक वेळा इतकंच असतं. त्याचं ताट तुझ्या ताटाच्या पाव. अर्धी वाटी वरणभात, तुपाची धार, अर्धी पोळी, दोन चमचे भाजी. पाटावर बसून, वीस मिनिटं. उरलं तर उरलं, उचलून ठेव. चिऊचा घास काऊचा घास करत गॅलरीत फिरवून भरवायचं नाही. पळता पळता खाल्लेला घास घशात अडकतो तो असाच. दूध दिवसाला दोन पेले, म्हणजे सगळं मिळून ४०० मिली, आणि जेवणाच्या आधी नाही. त्याहून जास्त झालं की पोट दुधानेच भरतं आणि अंगातलं लोह कमी पडतं.

द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे अजिबात नाहीत. शेंगदाणा कूट करून चालेल. घास अडकला आणि तो खोकत असेल तर खोकू द्या, पाठीवर थापट्या मारू नका. आवाजच फुटत नसेल तर त्याला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळाने पाच जोरदार दणके. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन, मूठ बेंबीच्या थोडी वरच्या बाजूला ठेवून, आत आणि वर असे पाच झटके. पुन्हा दणके, पुन्हा झटके. एकाने हे करायचं, दुसऱ्याने १०८ लावायचा. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालायचं नाही, ती आणखी खाली जाते.

सध्या त्याचा सगळ्यात आवडता शब्द ‘नाही’. आंबा हवा? नाही. आणि हात आंब्याकडे. म्हणून ज्याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं असा प्रश्नच विचारायचा नाही. ‘आंघोळ करायची का?’ असं न विचारता ‘लाल मग की निळा मग?’ असं विचारायचं. दोनच पर्याय, तिसरा नाही. खेळ थांबवायचा असेल तर आधी वर्दी द्या: ‘अजून तीन वेळा, मग घरी.’ तीन त्याला मोजता येत नाहीत, पण तुम्ही बोटं मिटत गेलात की संपतंय हे कळतं. तरीही भोकाड पसरून राम मारुती रोडवर आडवा झाला तर लोक काय म्हणतील हे मनात आणू नका. त्याला रस्त्यावरून कडेला घ्या, डोकं आपटणार नाही एवढं बघा, शेजारी थांबा आणि बोलू नका. त्या वेळी त्याला शब्द ऐकूच येत नाहीत. शांत झाला की पाणी द्या आणि जवळ घ्या. ज्या वस्तूसाठी रडला ती मात्र द्यायची नाही. बाबांनी ‘नाही’ म्हटलं की आईनेही ‘नाही’च म्हणायचं. हे तुम्हा दोघांना पोरापेक्षा अवघड जाईल.

टीव्हीची गोष्ट थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, आणि कमी तेवढा चांगला. जेवताना बंद.

फिरायला सकाळी कचराळी तलाव. वाट सपाट आहे आणि वाहनं नाहीत. तलावपाळीला संध्याकाळी गर्दी फार, तिथे नको. रस्ता ओलांडताना मनगट धरून ओढू नका, हाताला धरून उचलूही नका. या वयात कोपराचं हाड पटकन निसटतं. काखेत धरून उचला. आणि बाबा, त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. सुरक्षित वाटतं, पण त्याचा बूट कडेला अटकला की तुमच्या वजनाने त्याची नडगी पिरगळते आणि मोडते. एकटा आला तर तो जागच्या जागी थांबतो. तुम्ही खाली उभे राहा.

दुपारी १ ते ३ झोप. साडेतीनच्या पुढे झोपू दिलंत तर रात्री अकरापर्यंत तुम्ही जागे. रात्री ९ ते सकाळी ७. एकूण बारा तास झाले की दिवस बरा जातो. त्याच्याबरोबर आई, तूही झोप, त्या वेळी डबे घासायला घेऊ नकोस.

तापासाठी बाटली मी पिशवीत घातली आहे, पॅरासिटामॉल, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. त्याचं वजन १२ किलो आहे, डॉक्टरांनी एका वेळी साडेतीन मिली सांगितलं आहे. दोन डोसांत सहा तास अंतर. दुकानात ५ मिलीत १२० वालीही मिळते, दिसायला तशीच, तिचं माप वेगळं. म्हणून दुसरी बाटली आणू नका. चमच्याने नाही, बरोबरच्या सिरिंजनेच. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा तो मलूल पडला, पाणी घेईना, तर मला विचारण्यात वेळ न घालवता डॉक्टरकडे.

वेळा वाटून घ्या. सकाळ बाबांची, दुपारचं जेवण आईचं, आणि ४ ते ६ शेजारच्या काकूंच्या मुलीला मी बोलले आहे, ती येईल. त्या दोन तासांत तुम्ही दोघांनी पाय वर करून बसायचं, तिच्या मागे मागे हिंडायचं नाही.

येत्या रविवारी दुपारच्या ठाणे लोकलने आम्ही त्याला घेऊन येतो. त्याआधी बाबा, गॅलरीची कडी आणि पिंपाचं झाकण तेवढं उरकून घ्या. टेप घरात नसेल तर मी येताना आणते. त्याची गोधडी वेगळ्या पिशवीत आहे, ती धुऊ नकोस आई, धुतली की तो ओळखत नाही.

तुमची,
मनू