पदपथावरची सायकल आणि पायी चालणाऱ्याचा हक्क

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या रुंद केलेल्या पदपथांवर पायी चालणारे आणि सायकलस्वार यांच्यात होणारी वादावादी आता नित्याची झाली आहे. सकाळी फिरायला बाहेर पडलेले ज्येष्ठ नागरिक सायकलवाल्यांना बेदरकार म्हणतात, सायकलवाले त्यांना आडमुठे ठरवतात, आणि दोघांच्या मधून पदपथावर चढलेली एखादी दुचाकी हॉर्न वाजवत निघून जाते. मी या शहरात पायीही चालतो आणि सायकलही चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची तक्रार मला परकी नाही. तरीही या प्रश्नात दोन्ही बाजू सारख्याच जबाबदार आहेत असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. सायकलस्वार मोटारचालकाकडून जी काळजी आणि जो संयम मागतो, तो त्याने स्वतः पायी चालणाऱ्याला आधी दिला पाहिजे, आणि महापालिकेने या दोघांना एकाच अपुऱ्या पट्ट्यावर ढकलणे थांबवले पाहिजे, एवढेच मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे दोघे एकाच पट्ट्यावर आले कसे, हे आधी पाहायला हवे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात सायकल रस्त्यावरूनच चालत असे, कारण रस्त्यावर तिला जागा होती. दुचाकी आणि मोटारी वाढत गेल्या तशी ती कडेला सरकत गेली. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावे, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने मान्य केले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्यालाही मंजुरी दिली. कागदावर हे सगळे उत्तम आहे आणि त्यामागे अनेकांची तळमळ आहे, याविषयी मला शंका नाही. पण प्रत्यक्ष रस्त्यावर बहुतेक ठिकाणी मोटारींच्या वाट्याच्या डांबरी भागाला हात न लावता पदपथाचाच एक भाग वेगळ्या रंगाच्या पेव्हर ब्लॉकने आखून त्याला सायकल मार्ग म्हटले गेले. म्हणजे सायकलला जी जागा मिळाली ती पायी चालणाऱ्याच्या खिशातून गेली.

असा सायकल मार्ग थोडे अंतर गेला की त्याच्या वाटेत झाड येते, पुढे विजेची डीपी येते, त्यानंतर बसथांबा येतो, सोसायटीच्या फाटकापाशी तो उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि मधल्या प्रत्येक मोकळ्या जागेत कोणीतरी दुचाकी उभी केलेली असते. सायकलस्वार स्वाभाविकपणे शेजारच्या, चालण्यासाठी ठेवलेल्या भागात शिरतो. तिकडे चालण्याच्या भागातले ब्लॉक उखडलेले असले किंवा हातगाडी लागलेली असली की चालणारा माणूसही तितक्याच स्वाभाविकपणे सायकल मार्गावर येतो. दुचाकींना रोखण्यासाठी पदपथाच्या तोंडाशी बसवलेले बोलार्ड, म्हणजे आखूड खांब, सायकललाही अडवतात आणि चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही. सायकल चालवणाऱ्याला साधारण एक मीटर रुंदीची मोकळी जागा लागते आणि बरोबर चालणाऱ्या दोन माणसांना त्याहून थोडी जास्त. मग जेमतेम दोन मीटरच्या पट्ट्यात हे तिघे समोरासमोर आले की कोणालातरी थांबावे लागणार हे उघड आहे. कोणी थांबायचे, हा खरा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे आहे की सायकलस्वाराने थांबायचे. सायकल चालवणाऱ्या माझ्या मित्रांना हे कडू वाटेल, कारण रस्त्यावर रोज अपमान आणि धोका सोसून ते पदपथावर आलेले असतात. बस अंगावर येते, रिक्षा कट मारते, मोटारीचे दार अचानक उघडते. या सगळ्यातून सुटका म्हणून पदपथावर आलेल्या माणसाला इथेही दोष दिला की त्याला राग येतो, आणि तो राग मी समजू शकतो. पण मोटारीपुढे आपण जितके उघडे असतो, तितकाच आपल्या सायकलपुढे पायी चालणारा माणूस उघडा असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर अंतर कापते. समोरचा माणूस अचानक वळला, हे लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत तो एक सेकंद सहज जातो आणि त्यानंतर थांबायला जवळपास तितकेच अंतर लागते, म्हणजे एकूण सुमारे दहा मीटर. वेग ताशी १० किलोमीटरवर आणला तर हेच अंतर चार मीटरच्या आसपास येते. मोकळ्या रस्त्यावर वीसचा वेग काहीच नसतो. माणसांच्या गर्दीत मात्र तो फार होतो.

अपघात झाला नाही म्हणजे त्रास झाला नाही, असेही मानू नये. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला खुब्याचे हाड मोडण्याची भीती ही केवळ मनातली भीती नसते; त्या वयात असे हाड मोडले की पुढचे कित्येक महिने, आणि कधीकधी उरलेले सगळे आयुष्य, दुसऱ्याच्या आधाराने काढावे लागते. कानाने कमी ऐकू येणाऱ्या, काचबिंदूमुळे कडेचे नीट न दिसणाऱ्या माणसाच्या कोपराजवळून एक सायकल मागून सूऽऽ करून गेली, तर तिने त्याला स्पर्श केला नसला तरी तो दचकतो आणि दुसऱ्या दिवशी फिरायला जायचे टाळतो. असे टाळणारे लोक कोणत्याही नोंदीत येत नाहीत. लहान मुलांचे, अंध व्यक्तींचे आणि गरोदर स्त्रियांचेही हेच आहे. पदपथ ही या शहरातली अशी एकमेव जागा उरली होती, जिथे मागे न पाहता चालता येत असे.

घंटीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण निम्मी भांडणे घंटीवरून होतात. अगदी पाठीशी येऊन ट्रिंग ट्रिंग वाजवली की चालणारा माणूस गोंधळतो. कोणी डावीकडे उडी मारतो, कोणी उजवीकडे, आणि दोघे चालत असतील तर एक इकडे आणि एक तिकडे जातो. घंटी वाजवायचीच असेल तर ती पंधरा-वीस मीटर मागून एकदाच, हलकी वाजवावी, वेग कमी करावा आणि समोरच्याच्या हालचालीवरून त्याला कळले आहे याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. त्याहून चांगले म्हणजे तोंडाने सांगावे. ‘काका, उजवीकडून जातो’ एवढे तीन शब्द पुरेसे असतात, आणि त्यावर ‘जा, जा’ असे उत्तर मिळते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. ‘ओ, सरका बाजूला’ म्हणण्याचा अधिकार पदपथावर कोणत्याही सायकलस्वाराला नाही. बसथांब्यापाशी, शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर आणि देवळाबाहेरच्या गर्दीत तर सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यावी. त्यात फार तर एखादे मिनिट जाते. पूर्वी सायकलला दिवा नसला किंवा डबलसीट बसले तर पुण्यात पोलीस अडवत, आणि दिव्याशिवाय संध्याकाळी बाहेर पडायला लोक कचरत. आज हजारो रुपयांच्या सायकली विनादिव्याच्या, विनाघंटीच्या रस्त्यावर येतात. अंधारात चालणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे, ही जबाबदारी वजन वाचवण्याच्या हौसेपेक्षा मोठी आहे.

इथे सायकलस्वारांमधला एक फरकही ध्यानात घ्यावा. पहाटे हेल्मेट घालून वेगाचा सराव करणारे आणि सुरक्षारक्षकाची पाळी गाठण्यासाठी, बांधकामावर पोचण्यासाठी, दूध किंवा वर्तमानपत्र टाकण्यासाठी जुनी सायकल मारणारे एकाच मापाने मोजता येत नाहीत. या दुसऱ्या गटातल्या माणसांची कोणतीही संघटना नसते, ती समाजमाध्यमांवर बाजू मांडत नाहीत आणि पदपथावर ती येतात ती बहुतेक वेळा जिवाच्या भीतीने. त्यांच्यावर ओरडण्याआधी शेजारच्या रस्त्यावर त्यांच्यासाठी काय ठेवले आहे, हे पाहावे. वेगाचा सराव करणाऱ्यांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे की पदपथाला जोडलेला सायकल मार्ग ही सरावाची जागा नव्हे. घरपोच खाद्यपदार्थ देणाऱ्या मुलांच्या विजेच्या सायकलींविषयीही लोकांचा रोष आहे. त्या आवाज न करता येतात आणि वजनाने जड असतात, म्हणून त्यांनी पदपथावर येऊच नये असे माझे मत आहे. पण त्या मुलांना मिनिटांच्या हिशेबाने पळवणाऱ्या व्यवस्थेला जाब न विचारता फक्त त्या मुलांवर राग काढणे अन्यायाचे होईल.

पायी चालणाऱ्यांकडूनही काही अपेक्षा आहेत. जिथे सायकल मार्ग खरोखर वेगळा, सलग आणि मोकळा आहे, तिथे चौघांनी हातात हात घालून त्यावरून चालू नये, कुत्र्याची लांब दोरी आडवी सोडू नये, आणि दोन्ही कानांत गाणी लावून वाट ओलांडू नये. कडेने चालणाऱ्या सायकलस्वाराला मुद्दाम अडवून धडा शिकवणे तर अजिबात योग्य नाही. तोल जाऊन तो रस्त्यावर पडला तर मागून येणारी बस थांबेलच असे नाही.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने २०२२ च्या जानेवारीत आपल्या वाहतूक नियमावलीत बदल करून असे तत्त्व घातले की जो दुसऱ्याला जास्त इजा करू शकतो, त्याची जबाबदारी जास्त. त्यात मोटारचालकाने सायकलस्वाराला जपायचे आणि सायकलस्वाराने पादचाऱ्याला. जपानमध्ये ठरावीक पदपथांवर सायकलला परवानगी असते, पण तिथे तिने रस्त्याच्या बाजूने, अगदी हळू जायचे आणि पादचाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचे, असे कायदाच सांगतो. पादचाऱ्याला बाजूला करण्यासाठी घंटी वाजवणेही तिथे नियमात बसत नाही. दोन्हीकडे अग्रक्रम कोणाचा, याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. आपल्याकडे रंगीत ब्लॉक आणि त्यावर रंगवलेले सायकलचे चित्र एवढ्यावर सगळे सोडून दिले आहे. कोणी कोणाला वाट द्यायची, हे सांगणारा एक साधा मराठी फलकही या मार्गांवर मला दिसत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाखालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून पदपथ अडथळेमुक्त आणि अपंगांना वापरता येतील असे ठेवण्याबाबत राज्यांना निर्देश दिले. त्यामुळे चालण्याची जागा कापून सायकल मार्ग करणे हे आता केवळ गैरसोयीचे म्हणून सोडून देता येणार नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकांप्रमाणे पदपथाची चालण्यायोग्य मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. ती पूर्ण राखल्यानंतर जागा उरत असेल तरच पदपथाच्या पातळीवर सायकल मार्ग करावा, आणि तोही रंगाने नव्हे तर उंचीतल्या फरकाने वेगळा करावा, कारण अंध व्यक्तीच्या काठीला रंग समजत नाही. बसथांब्यापाशी सायकल मार्ग थांब्याच्या मागून वळवावा, जेणेकरून बसमधून उतरणारा माणूस थेट सायकलपुढे येणार नाही. जिथे जागा नाही, तिथे सायकल मार्गाचा आग्रह सोडून त्या रस्त्यावरचा मोटारींचा वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत खाली आणावा आणि सायकलला सन्मानाने रस्त्यावर चालू द्यावे. पेठांमधल्या आणि जुन्या वसाहतींतल्या बहुतेक गल्ल्यांना हाच उपाय लागू पडतो. आणि पदपथावर चढणाऱ्या किंवा तिथे उभ्या राहणाऱ्या दुचाकीवर वाहतूक पोलिसांनी रोज कारवाई करावी. मोटार वाहनांना पदपथ आणि सायकल मार्ग यांवर मनाई आहे, त्यासाठी नव्या नियमाची गरज नाही.

२०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून महापालिका पादचारी दिन साजरा करते, ही स्तुत्य गोष्ट आहे. येत्या पादचारी दिनाआधी महापालिकेच्या पथ विभागाने प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतल्या एका सायकल मार्गाची पाहणी ज्येष्ठ नागरिक संघ, अंध व अपंग व्यक्तींच्या संस्था आणि रोज सायकलने कामावर जाणारे लोक यांना बरोबर घेऊन, पायी चालत करावी, आणि बसथांबे, डीपी व फाटकांपाशी जिथे जिथे पादचारी आणि सायकलस्वार एकमेकांच्या वाटेत येतात त्या जागांची यादी, दुरुस्तीच्या तारखेसह, आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, अशी मी आपल्या वर्तमानपत्राद्वारे मागणी करतो.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे